मागच्या भिंतीवरचा पेला

११ ऑगस्ट, सोमवार

आज पहिल्यांदा एकटीनं कळंब्याला गेले. बसमध्ये गळ्यातलं ओळखपत्र सगळ्यांना दिसेल असं ठेवलं, मग लाज वाटली आणि ओढणीखाली घेतलं. कबनूरला घरी फोन केला तेव्हा आई म्हणाली, "जेवलीस का?" आणि बाबा मागून ओरडले, "साहेब झाली का न्हाय अजून?" यंत्रमाग चालवून चालवून बाबांचे कान गेलेत, त्यामुळे आमच्या घरी कौतुकसुद्धा भांडल्यासारखं होतं.

काम असं: एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांकडे जायचं, बसायचं, बोलायचं, आणि जीव नकोसा होतो का ते सरळ विचारायचं. विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट माणूस मोकळा होतो, हे अरुणाताईंनी प्रशिक्षणात पुन्हा पुन्हा सांगितलं. त्या आमच्या संस्थेच्या प्रमुख. त्यांचं दुसरं एक वाक्य मी पाठच केलंय: "माणसाला काय खाली ओढतंय ते कुणालाही दिसतं. त्याला काय धरून ठेवतंय ते शोधा." जगण्याला काहीतरी हेतू असणं, आशा, आपलं कुणीतरी आहे ही जाणीव, क्षमा, कृतज्ञता, हसण्याची ताकद. ही माणसाची बलस्थानं. ती सापडली की त्यांना खतपाणी घालायचं.

हंबीररावआबांचं घर तळ्याकडे जाणाऱ्या गल्लीत अगदी शेवटी आहे. वय ऐंशीच्या आसपास, एक गुडघा धरलेला. बायको जाऊन खूप वर्षं झाली. मुलगा सम्राट गेल्या दिवाळीनंतर काविळीनं गेला. मुलगी पूर्णिमा पुण्यात असते. घरात ते आणि मैना नावाची म्हैस.

"या पावणं. कुठलं म्हणायचं?"

"कबनूरची. माझं नाव क्रांती."

"क्रांती? मग नुसती बसलीस काय, घोषणा दे की एखादी."

मी हसले नाही. थट्टा करून ते मुद्दा टाळत होते हे माझ्या लक्षात आलं. थोडं इकडचं तिकडचं बोलून मी विचारलं, "आबा, आता जगू नये असं कधी वाटतं का तुम्हाला?"

ते हातातलं दावं उलगडत राहिले. "वाटलं की. पोराचे दिवस झाल्यावर एकदा तळ्यापातूर गेलतो."

"मग?"

"मग गाडीचा आवाज आला. म्हटलं सम्राट आला. मैना पान्हवली असंल, धार काढायची ऱ्हायलीया. म्हणून माघारी आलो."

ते सांगत होते की सम्राटनं मैनेला रेडकू असल्यापासून त्याच्या जुन्या राजदूत मोटारसायकलच्या आवाजाची सवय लावली. पाडव्याला म्हशी सजवून मोटारसायकलीमागं पळवतात, त्यात मैना दरवर्षी. तो रोज संध्याकाळी दारात गाडी गुरगुरवायचा, मग पेंड घालायचा. आता तिला दुसरं काही चालत नाही. तो आवाज ऐकल्याशिवाय ती दूध खाली सोडत नाही.

"मग आता?" मी विचारलं.

आबा म्हणाले, "आता काय? येतोय की त्यो."

बाहेर उजेड कमी झाला होता. तळ्यावरून गार ओल येत होती. आणि तेवढ्यात मागच्या बाजूनं फट्‌ फट्‌ फट्‌ असा आवाज सुरू झाला. मैनेनं मान वर केली. कान टवकारले. मग फाटकापासून गोठ्यातल्या खुंट्यापर्यंत तिनं हळूहळू नजर फिरवली, कुणीतरी चालत आत येताना आपण फिरवतो तशी. अंगणात कुणी नव्हतं.

आबा गुडघ्यावर हात टेकून उठले. बादली घेतली.

"आला," ते म्हणाले.

मी पुढच्या बसची वेळ झाली असं खोटं सांगून निघाले.

१४ ऑगस्ट, गुरुवार

आबांच्या परसाला लागून शालूबाईंचं परसू आहे. साठी उलटलेल्या, विधवा, मुलगी कबनूरला दिलेली. मी कबनूरची म्हटल्यावर त्यांनी मला आत ओढूनच नेलं आणि चहात मूठभर गूळ टाकला. दूध काय, चहा काय, गुळाशिवाय त्यांना जातच नाही म्हणाल्या.

मी विचारलं, "मावशी, संध्याकाळी तो गाडीचा आवाज…"

"सम्राट येतोय," त्या चटकन म्हणाल्या. "समद्या गल्लीला ठाव हाय. पोरास्नी आम्ही तवा त्या अंगाला सोडत न्हाई."

"तुम्ही पाहिलंय?"

"बगाय कशाला पायजे? ऐकतोय की."

हे सांगताना त्या माझ्याकडे नाही, दाराकडे पाहत होत्या. पोटरीच्या आतल्या बाजूला त्यांनी हळद लावून चिंधी बांधली होती. चुलीवर भाजलं म्हणाल्या. तिथं चुलीवर कसं भाजतं कुणास ठाऊक. मी दवाखान्यात जायला सांगितलं. पदराला रॉकेलसारखा वास येत होता. अजून चूल रॉकेलवर पेटवतात वाटतं.

"आबांना कधी जेवण-बिवण देता का?" मी विचारलं.

"एकट्या बाप्याच्या घरात मी जायाची? लोक जितं ठेवतील व्हय मला!"

अरुणाताईंना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "बघत राहा. लगेच नाव देऊ नकोस." पण नाव तर आहेच. अपूर्ण शोक. आम्हाला अभ्यासात त्यावर अख्खं प्रकरण होतं.

२२ ऑगस्ट, शुक्रवार

आबा धार काढून झाली की दोन पितळी पेले भरतात. एक स्वतःचा. दुसरा घेऊन लंगडत मागे जातात, परसाच्या बुटक्या भिंतीवर ठेवतात, वर बशी झाकतात, आणि मागे न बघता परत येतात. मी आज जरा लवकर गेले, तेव्हा कालचा पेला तिथंच होता. रिकामा. पालथा घातलेला. सरळ केला तर तळाशी गुळाचे कण चिकटलेले.

"हा पेला कुणासाठी आबा?"

"येतोय त्याच्यासाठी."

"सम्राटला दुधात गूळ आवडायचा?"

"छ्या! गूळ म्हटलं की तोंड फिरवायचा. नुसतं धारोष्ण."

मग पेल्यात गूळ कसा? आबांचा विसर वाढत चाललाय अशी मी अहवालात नोंद केली. मांजर दूध पीत असेल हेही लिहिणार होते, पण मांजर पेला पालथा घालत नाही. मी ते वाक्य खोडलं.

त्यांनी मलाही दूध देऊ केलं. धारोष्ण दुधाच्या वासानं मला मळमळतं. "मला साखर लागते हो आबा, त्याशिवाय घशाखाली उतरत नाही," म्हणून सुटका करून घेतली.

"आमच्यात साखर नसती. गूळ हाय."

"नको."

"शिकलेल्या पोरी गोड बोलत्यात आणि साखर मागत्यात," आबा मैनेला म्हणाले.

दोन आठवडे होत आले. मला त्यांच्यात एकही बलस्थान सापडलेलं नाही. हेतू नाही, आशा नाही, माणसांत जाणं नाही. आहे तो फक्त एक मेलेला मुलगा, रोज संध्याकाळी येणारा.

३१ ऑगस्ट, रविवार

गौरीसाठी घरी आले. दुपारी वीज गेली, सगळ्या गल्लीतले माग एकदम थांबले, आणि झोपलेले बाबा दचकून उठले. "काय झालं? काय झालं?" आवाज असला की त्यांना गाढ झोप लागते, थांबला की जाग येते. लहानपणी मीही तशीच होते. वसतिगृहातल्या पहिल्या महिन्यात शांततेनं मला झोपच यायची नाही.

आईला आबांबद्दल सांगितलं. तिनं पोळी तव्यावर टाकली आणि म्हणाली, "त्याला त्रास देतोय का त्यो?"

"कोण?"

"त्येचा पोरगा."

"आई, तो मेलाय."

"व्हय गं. पर त्रास देतोय का?"

घरी पहिली शिकलेली असण्याचं हेच होतं. उत्तर मला माहीत असतं, पण प्रश्न दुसराच असतो.

५ सप्टेंबर, शुक्रवार

आज जे झालं ते आधी लिहून मग जेवणार आहे.

संध्याकाळी आबा ओसरीवर माझ्यासमोर बसलेले असताना आवाज सुरू झाला. मी ठरवूनच गेले होते. उठून धावत घराच्या मागे गेले. तिथं पत्र्याची खोली आहे, राजदूत त्यात असते. दाराला कुलूप, आणि किल्ली आबांच्या कमरेच्या करगोट्याला. मी दाराजवळ पोचेपर्यंत आवाज थांबला. फटीतून पाहिलं. ताडपत्रीखाली गाडी उभी. आत कुणी नाही. मागच्या बाजूला अंधार.

पत्रा एका कोपऱ्यात वाकलेला आहे, तिथून मी हात आत घातला. ताडपत्रीखाली. लोखंडाला बोट लागलं.

गरम होतं.

मी हात ओढून घेतला. आबा गोठ्यात बसून शांतपणे धार काढत होते. बादलीत दुधाचा आवाज. मैनेनं डोळे मिटले होते.

माझा भुताखेतांवर विश्वास नाही. पण माझ्या बोटांना अजून गरम लागतंय. वाटतं, या घराला काहीतरी धरून बसलंय आणि म्हातारा माणूस त्याच्या मुठीत आहे. आबांना मोकळं करायला हवं. पोरगा गेला हे त्यांनी एकदा पूर्ण मान्य केलं पाहिजे. अरुणाताई आईच्या ऑपरेशनसाठी सांगलीला आहेत, फोन लागत नाही. मी स्वतः निर्णय घेऊ शकते. एवढं शिक्षण मग कशासाठी?

पुण्याला पूर्णिमाताईंना फोन केला. त्या रडल्या. "ती गाडी विकून टाका हो मॅडम. मला तिथं यायलासुद्धा भीती वाटते."

९ सप्टेंबर, मंगळवार

गाडी गेली. पाचगावचा राजवीर म्हणून एक जण घेऊन गेला. तिशीतला, मिशीला पीळ, स्वतः म्हशी पळवणारा. सम्राटला ओळखत होता. गाडीला हात लावायच्या आधी त्यानं चप्पल काढली.

मला वाटलं होतं आबा विरोध करतील. त्यांनी करगोट्याची किल्ली सोडून माझ्या हातात दिली. "पूर्णी म्हणती तर न्हेऊ दे."

राजवीरनं गाडी चालू केली नाही, ढकलतच गल्लीबाहेर नेली. मैना शेवटपर्यंत मान वळवून बघत होती. शालूमावशी दारात उभ्या होत्या. मी त्यांच्याकडे बघून हसले. त्यांनी दार लावून घेतलं.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

आता संध्याकाळी आवाज नसतो. तळ्याकडून फक्त बेडूक, आणि लांब कळंबा तुरुंगाच्या भिंतीवरचे दिवे लागतात. एवढी शांतता मी कळंब्यात ऐकली नव्हती. मैना फाटकाकडे तोंड करून उभी असते आणि मधूनच हंबरते. दूध सोडत नाही, कास ताठरलीय. गुरांचे डॉक्टर येऊन गेले. होईल सवय.

आबा शांत आहेत. बोलणं कमी, पण चिडचिड नाही. भिंतीवर पेला ठेवत नाहीत. मी अहवालात लिहिलं: वास्तवाचा स्वीकार सुरू.

१७ सप्टेंबर, बुधवार

किती बरं वाटतंय म्हणून सांगू!

आबांनी आज दाढी केली होती. धुतलेला सदरा. घर झाडलेलं. मला म्हणाले, "बस पोरी, आज तुझ्याशी नीट बोलतो." आणि खरंच बोलले. पूर्णिमाला लहानपणी आपण फार रागावलो, तिला फोन करून ते सांगितलं. भावकीतल्या कुणाशी बांधावरून वैर होतं, त्याच्या दारात जाऊन आले. मैना राजवीरला द्यायची ठरवलीय, "आवाज त्याच्याकडं हाय, तिथं ती दूध देईल." एक पितळी पेला राखेनं लख्ख घासून त्यांनी माझ्या पिशवीत ठेवला.

"मला कशाला आबा?"

"ऱ्हाऊ दे. मला आता दोन काय करायच्यात?"

निघताना डोक्यावर हात ठेवला. "चांगली हायस तू. लांबनं येतीस."

क्षमा. कृतज्ञता. मुलीशी जोडलं गेलेलं नातं. सगळी बलस्थानं एका दिवसात! मला बसमध्ये रडू आलं. अरुणाताई उद्या परत येतायत. त्यांना आधी हेच वाचायला देणार.

पेला खिडकीत ठेवलाय. त्यात दिव्याचा उजेड पडतो.

१८ सप्टेंबर, गुरुवार



अरुणाताईंनी अहवाल उभ्यानंच वाचला. वाचता वाचता खुर्चीवर बसल्या. मग म्हणाल्या, "क्रांती, आबा वस्तू का वाटून टाकतायत?"

मी म्हटलं, "कृतज्ञता…"

"सगळ्यांचा निरोप घेतायत ते. एकदम शांत झालेत. आपण प्रशिक्षणात काय शिकलो?"

मला सगळं आठवलं. शब्दन्‌शब्द. मी स्वतः तो भाग इतर मुलींना समजावून सांगितला होता.

त्यांच्या स्कूटरवर मागे बसून मी आबांना फोन लावत होते, उचलत नव्हते. मग मी राजवीरला लावला. का ते मला तेव्हा नीट माहीत नव्हतं. "गाडी घेऊन या," मी ओरडले, बाबांशी बोलते तशी. "आत्ता. आबांच्या गल्लीत. चालू ठेवूनच या."

"काय झालंय ते तरी सांगा की."

"या हो!"

घराचं दार उघडं. चूल थंड. गोठ्यात मैना, आणि तिच्या गळ्याशी शालूमावशी, दावं दोन्ही हातांनी धरून. मला बघून त्या ओरडल्या, "तुझं शिक्षान घाल चुलीत! तळ्याकडं गेलाय. हाका मारल्या, ऐकत न्हाई. जा की, बगतीस काय!"

संध्याकाळ व्हायची होती पण तळ्यावर धुकं उतरलं होतं, पाणी कुठं संपतं ते कळत नव्हतं. बांधावर आबा बसले होते, पाठमोरे. आम्ही अगदी जवळ जाईपर्यंत वळले नाहीत. अरुणाताई त्यांच्या शेजारी बसल्या. मी दुसऱ्या बाजूला.

"आबा," मी म्हटलं.

"गप," ते म्हणाले. "ऐकू दे."

काहीच ऐकू येत नव्हतं. धुक्यात कुठंतरी पाणकोंबडी ओरडली आणि गप्प झाली.

आणि मग आवाज आला. पण गल्लीकडून नाही. पाण्याकडून. फट्‌ फट्‌ फट्‌, समोरच्या धुक्यातून, जिथं नुसतं तळं आहे तिथून, जवळ जवळ येत. राजवीर पलीकडच्या रस्त्यानं येत होता आणि आवाज पाण्यावरून येत होता, हे मला नंतर समजलं. त्या क्षणी मला एवढंच कळत होतं की आबांनी मान वर केली आहे, मैनेनं करावी तशी.

मागून किंकाळी आली. शालूमावशींची. "सुटली गं बया! सुटली!"

मैना तुटलेलं दावं फरफटत गल्लीतून आली, शिंगं मागे टाकून, शेपूट उभं, आवाजाकडे. आम्हाला ओलांडून बांधावरून सुसाट.

"आरं, म्हस सुटली!" आबा एका झटक्यात उभे राहिले. "पाण्यात जाईल की ती! ए, धरा! आडवी हो की गं पोरी, उभी काय ऱ्हातीस, नाटक बगाय आलीस व्हय!"

आणि ते धावले. धरलेल्या गुडघ्यानं, सदरा उडवत, शिव्या देत. त्या शिव्यांतली एकही मी इथं लिहू शकत नाही. इतकं सुंदर मी आजवर काही ऐकलेलं नाही.

२३ सप्टेंबर, मंगळवार

आबांना मानसोपचाराच्या डॉक्टरांनी पाहिलं. गोळ्या सुरू झाल्या. पूर्णिमाताई येऊन राहिल्यात, दिवसातून एकदा तरी बापलेकींचं भांडण होतं. अरुणाताईंनी आबांना समोर बसवून विचारलं, सगळं, सरळ. आबा म्हणाले, "पयल्यांदा तिथंच ऐकलाता आवाज. परत येतोय का बगाय गेलतो. न्हाई आला आसता, तर काय केलं आसतं म्या, ते मला बी ठाव न्हाय." ताई म्हणाल्या, पुन्हा तसं वाटलं तर कुणाला हाक मारणार? आबांनी थोडा विचार केला आणि माझ्याकडे बोट दाखवलं. "हिला. लई वरडती."

राजवीरनं गाडी आणून उभी केली. "माझीच हाय आता, पण पाडव्यापातूर तुमच्यात ठेवा. पाडव्याला मी मैनेला पळवणार, तिला तयार करून द्या." आबा म्हणाले, "तुला पळवाय येतंय का आधी?"

अरुणाताई मला रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "कामावर ये." पेला मी आबांना परत नेऊन दिला.

५ ऑक्टोबर, रविवार

पूर्णिमाताई पुण्याला गेल्या. आता रोज रात्री फोन करतात.

आवाज पुन्हा सुरू झालाय. रोज, दिवे लागायच्या आधी. खोलीला कुलूप आणि किल्ली आबांच्या करगोट्याला. मी आता धावत मागे जात नाही.

आज शालूमावशींनी मला हाताला धरून त्यांच्या परसात नेलं. पत्र्याच्या खोलीची मागची भिंत त्यांच्या बाजूला आहे, आणि त्या भिंतीला फळ्यांचं बुटकं दार आहे, समोरून दिसत नाही असं. त्यांनी फळी सरकवली. आत ताडपत्री.

"हात लाव," म्हणाल्या.

गरम होतं.

मी त्यांच्या पोटरीकडे पाहिलं. चिंधी आता दुसऱ्या पायाला होती.

"किक लई जड हाय," त्या म्हणाल्या. "आणि सायलेन्सर चटका देतोय. पर त्यो उठतोय की. न्हाईतर अंथरुणात पडून ऱ्हायचा निस्ता. मी जाऊन 'उठा' म्हणू शकत न्हाई. सम्राट म्हणू शकतोय."

"आणि पेला?"

"ठेवतोय सम्राटसाठी. वाया घालवू व्हय?" मग जरा थांबून, "माझं तरी कोण हाय गं? लेक कबनूरला. सकाळी उठून काय करायचं, आसं मला बी व्हायचं. आता सांज व्हायची वाट बगतो मी."

मला कितीतरी बोलायचं होतं. मी एवढंच म्हटलं, "आबा तळ्यावर गेले त्या पहिल्या दिवशी तुम्हाला बरं सुचलं गाडी चालू करायचं."

शालूमावशी फळी लावत होत्या. हात थांबला.

"त्या दिवशी मी न्हवतो इथं. कबनूरला हुतो, नातवाच्या जावळाला. दुसऱ्या दिवशी आलो तर त्यो सांगत हुता भिंतीपल्याडनं, आवाज आलता म्हणून माघारी फिरलो. म्हटलं, एकदा आलाय त्यो रोज यायला पायजे." त्यांनी फळी घट्ट दाबली. "मी त्याच्या फुडच्या दिवसापासनं."

"मग पहिल्या दिवशी कोणी?"

"मला न्हाई ठाव. तू बी इचारू नगंस."

समोर कुलूप होतं, किल्ली आबांच्या कमरेला होती, आबा तळ्यावर होते; मागची फळी मावशींच्या परसात, आणि मावशी घर बंद करून कबनूरला. मी हे तीन वेळा वेगवेगळ्या तऱ्हेनं मांडून पाहिलं आणि मग वही मिटली. आता पुन्हा उघडलीय, एवढंच लिहायला की मावशींनी मला शपथ घातलीय: आबांना कळता कामा नये.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

शालूमावशी चार दिवसांसाठी कबनूरला गेल्यात. मुलीच्या सासूचं काहीतरी. जाताना म्हणाल्या, "तू येतीस न्हवं? मागल्या दारानं ये. फुडं जाऊ नगंस, त्याला वाटू दे आज क्रांती न्हाई आली."

म्हणून आज मी आबांच्या घरावरून न जाता मागच्या बोळातून गेले. शालूमावशींचं परसू रिकामं. तळ्याकडून धुकं आलं होतं, भिंतीच्या वर येऊन थांबलं होतं. फळी सरकवून आत शिरले. अंधारात पेट्रोलचा वास, आणि आणखी एक वास, पेंडीचा, जो तिथं असायचं कारण नाही. मी ताडपत्री काढली. ओढणी कमरेला खोचली. कुणीतरी माझ्याकडे बघतंय असं सारखं वाटत होतं. मी मागे पाहिलं नाही.

किक मारली. काही नाही. पुन्हा मारली. पाय सटकला, नडगी सोलवटली. पुन्हा. गाडी नुसती खोकायची आणि गप्प व्हायची. उजेड चालला होता. पत्र्यापलीकडे मैना अस्वस्थ होऊन खूर आपटत होती. आबांचा काही आवाज नाही. मला तळ्यावरची त्यांची पाठ दिसायला लागली. मी रडत, दात खाऊन किक मारत होते. बी. ए., एम. एस. डब्ल्यू.

आणि मग पत्र्याच्या पलीकडून, गोठ्यातून, अगदी सहज आवाजात, आबा म्हणाले:

"सम्राट, पेट्रोलचा कॉक उघडलास का रं?"

मी हातानं चाचपलं. टाकीखाली, डाव्या बाजूला. बंद होता. उघडला. थोडी थांबले. किक मारली.

फट्‌ फट्‌ फट्‌ फट्‌.

सगळा पत्रा थरथरायला लागला. तळव्यातून थेट दातांपर्यंत ते जाणवत होतं, आमच्या घरी माग चालू असले की जमीन थरथरते तसं. मग मी बंद केली, मावशींनी सांगितलं होतं तेवढाच वेळ झाल्यावर, आणि फळीआड बसून राहिले. बादलीत पहिली धार पडली. मग दुसरी. मग एका लयीत.

बिचाऱ्या आबांना खरंच वाटतंय की तो येतो. आज तर ते त्याच्याशी बोललेसुद्धा.

थोड्या वेळानं लंगडणारी पावलं आली. भिंतीवर पितळ टेकल्याचा आवाज. वर बशी. पावलं गेली. त्यांनी मागे पाहिलं नाही.

पेला तसाच ठेवता येणार नव्हता. मी उठून बशी काढली. वाफ येत होती, वर फेस. डोळे मिटले, श्वास रोखला आणि घोट घेतला.

दूध गोड होतं. गुळाचं नाही. तळाशी विरघळायची राहिलेली साखर होती. ती मी बोटानं पुसून खाल्ली, आणि पेला पालथा घालून ठेवला.